फुटलेला नकाशा

कपाट उघडलं तेव्हा नकाशाची गुंडाळी जागच्या जागी होती. कुलूप शाबूत, वरची धूळ शाबूत, खालच्या खणातली शाईची बाटलीसुद्धा शाबूत. पण गुंडाळीला बांधलेली नाडी माझी नव्हती. म्हणजे नाडी माझीच होती, गाठ माझी नव्हती. मी गुंडाळीला नेहमी साधी सुरगाठ मारतो, एका झटक्यात सुटणारी. इथं नाडीचे दोन वेढे घेऊन गाठ अगदी कडेला नेऊन आवळलेली होती.

मागं ड्राफ्ट्समन मगदूम बोर्डावर कागद ताणून बसवत होते. काय झालं साहेब, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, काही नाही. आणि ती गाठ सोडवायला मला नखं लावावी लागली.

असली गाठ मी लहानपणी रोज बघितली होती. आमच्या आबांच्या बुटाला ती असायची. नाडी बुटाच्या तळव्याखालून घ्यायची, दोन वेढे द्यायचे आणि गाठ बाहेरच्या अंगाला मारायची, म्हणजे बॉल मारताना आड येत नाही. साऱ्या बेलगडात अशी गाठ मारणारा दुसरा माणूस माझ्या माहितीत नव्हता. मनात शंकेची पाल चुकचुकली म्हणतात, पण इथं पाल नव्हती, सगळं छतच अंगावर आल्यासारखं झालं. मी गुंडाळी पुन्हा बांधली, माझ्या गाठीनं, आणि कामाला बसलो.

ही गोष्ट शहाण्णव सालची. बेलगड हे कोल्हापूरच्या बाजूचं जुनं संस्थानी गाव. तिकडं हवेतच फुटबॉल आहे, तो आमच्याकडंही आला आणि डोक्यात जाऊन बसला. गावात दोन मोठ्या पेठा, मोरबाव आणि चिंचपार. दोघींच्या दोन तालमी. तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. गणपती, वर्गणी, लग्नातला मांडव, निवडणूक, भांडण आणि भांडण मिटवणं, सगळं तालमीतून चालायचं. आणि वर्षभर साठलेलं सगळं उट्टं फुटबॉलच्या फायनलला काढायचं.

ते ज्या मैदानावर काढायचं त्याला तळ्याचं मैदान म्हणत. संस्थानिकांनी एका आटलेल्या तळ्याच्या खड्ड्यात ते बांधलं होतं. उत्तरेला दगडी पायऱ्या, दक्षिणेला दगडी पायऱ्या. उत्तरेला मोरबाव बसायचं, दक्षिणेला चिंचपार. दोन्हीकडची दारं वेगळी, पाण्याचे नळ वेगळे. कोण कुठल्या पायरीवर बसणार हे आजोबापणजोबांच्या वेळचं ठरलेलं. चिंचपारची पोर मोरबावात दिली तर ती नवऱ्याच्या पायरीवर बसून समोरच्या बापाच्या नावानं खडे फोडायची, आणि बाप तिकडून कौतुकानं बघायचा. गवताचं नाव नाही, सगळा फुफाटा. खेळाडू पडला की आधी धूळ दिसायची, मग माणूस. पण गावातल्या कुणालाही विचारा, असं मैदान पृथ्वीच्या पाठीवर नाही, असंच सांगेल.

तर ते पाडायचं ठरलं होतं. दक्षिणेच्या पायऱ्यांखालची माती सरकली होती आणि दगडांत हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. नगरपालिकेनं नवं स्टेडियम करायचं ठरवलं आणि आर्किटेक्ट म्हणून मला पुण्याहून बोलावलं. माझी हुशारी बघून बोलावलं असं मला तेव्हा वाटत होतं. खरं कारण नगराध्यक्षा चौगुलेवहिनींनी मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. म्हणाल्या, तुम्ही चिंचपारचे म्हणून मोरबावला नको आहात, आणि बळवंत सासन्यांचे चिरंजीव म्हणून चिंचपारला नको आहात. दोघांनाही सारखाच नको असलेला माणूस दुसरा मिळेना.

बळवंत सासने म्हणजे आमचे आबा. चिंचपारचे गोलकीपर. एकोणसत्तरच्या फायनलला शेवटच्या मिनिटाला त्यांच्यावर गोल झाला. सामना तोवर बरोबरीत होता, आणि बरोबरी झाली तर कप आदल्या वर्षीच्या विजेत्याकडं राहायचा असा तेव्हाचा नियम होता. आदल्या वर्षीचा विजेता चिंचपार. म्हणजे एक मिनिट काढलं असतं तर कप आमच्या पेठेत होता. बॉल आडव्या बाराला लागून खाली आला, धुळीचा लोट उठला, आणि आत आबा बॉलवर पडलेले. रेफरी जवळ गेले, वाकले आणि शिट्टी वाजवून त्यांनी गोल दिला. चिंचपारच्या पायऱ्यांवरून कुणालाच काही दिसलं नव्हतं. दिसलं ते एवढंच, की आबा उठले, अंगाची धूळ झटकली आणि रेफरीशी भांडले नाहीत. एक शब्दही बोलले नाहीत. तेव्हापासून गावात एकच बोललं जायचं: बळवंतानं मॅच विकली.

मी सात वर्षांचा होतो. दुसऱ्या दिवशी आमच्या दाराला जुन्या चपलांची माळ लटकत होती. आईनं ती काढून ओढ्यात टाकली. आबा ज्या तेलाच्या घाण्यावर कामाला होते तो चिंचपारातल्याच एकाचा होता, त्यानं आठवड्यात त्यांना घरी बसवलं. आणि तीन आठवड्यांनी त्यांना सूतगिरणीत नोकरी लागली. त्या गिरणीचे एक संचालक हंबीर इंगवल्यांचे सख्खे काका, आणि तो शेवटचा गोल मारणारा मोरबावचा कॅप्टन, सेंटर फॉरवर्ड, स्वतः हंबीर इंगवले. गावाला आणखी काय पुरावा पाहिजे होता?

माझं शिक्षण त्या नोकरीवर झालं. पुण्याला गेलो, आर्किटेक्ट झालो, ते त्याच पगारावर. मी आबांना कधी विचारलं नाही. विचारायची गरजच काय, असं मी स्वतःला समजावायचो. खरं म्हणजे उत्तराची भीती वाटायची. आईवडिलांनी माझं नाव धैर्यशील ठेवलं होतं, त्याला आता कोण काय करणार.

स्टेडियमच्या करारात एक कलम होतं. आमसभेच्या दिवसापर्यंत नकाशा कुठल्याही पेठेच्या माणसाला दाखवायचा नाही. नकाशा फुटला तर काम रद्द. हे कलम वहिनींनी स्वतः घालून घेतलं होतं, कारण एका पेठेनं आधी बघितला तर दुसरी पेठ आंधळेपणानं विरोध करणार हे त्या जाणून होत्या. म्हणून नकाशा नगरपालिकेतल्या एका खोलीत, लोखंडी कपाटात. खोलीला कुलूप नसायचं, कुलूप फक्त कपाटाला. किल्ल्या दोन. एक माझ्याकडं, एक कुबेर मगदूमांकडं. मगदूम नगरपालिकेचे ड्राफ्ट्समन, पन्नाशीचे, शाईची रेघ अशी मारायचे की छापल्यासारखी वाटावी. माणूस अत्यंत सज्जन, पण बायकोचं माहेर मोरबावात.

आणि नकाशात काय होतं ते सांगायलाच पाहिजे, कारण सगळी मेख त्यातच होती. जुन्या मैदानाचे गोल पूर्वपश्चिम. संध्याकाळच्या सामन्यात पूर्वेकडच्या गोलकीपरच्या डोळ्यांत सूर्य जायचा. मी मैदान फिरवून उत्तरदक्षिण केलं. इथवर ठीक. पण मी दुसरंही केलं होतं. उत्तरेचा आणि दक्षिणेचा भाग वेगळा न ठेवता सगळ्या पायऱ्या एका सलग गोलात घेतल्या होत्या. सतरा दारं, कुठल्याही दारानं या, कुठंही बसा. मोरबाव नाही, चिंचपार नाही. दोन बाजू नसल्या की विकत घेणारा आणि विकणाराही राहत नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो आणि भिंत पाडली की माणसं बदलतात यावर माझा विश्वास होता.

सोमवारी ती गाठ दिसली. बुधवारी मोरबावात पत्रक निघालं. 'आमची पायरी आम्हाला हवी. सतरा दारांचं कारस्थान हाणून पाडा.' मी पत्रक तीनदा वाचलं. सतरा हा आकडा त्या नकाशावरच होता, जगात दुसरीकडं कुठंही नव्हता.

दुपारी वहिनींनी मला आणि मगदूमांना बोलावून घेतलं. त्या चिडल्या नव्हत्या, आणि तेच वाईट होतं. म्हणाल्या, शनिवारी आमसभा आहे, तिथं मला उत्तर द्यायचंय, कपाट कुणी उघडलं ते मला सांगा. मगदूमांनी हात जोडून शपथ घेतली. मी काहीच बोललो नाही. माझी किल्ली घरात आबांच्या खोलीतल्या खिळ्याला टांगलेली असते हे मला सांगता आलं असतं. रविवारी दुपारी मी जेवून झोपलो होतो आणि तेव्हा आबा दोन तास घरात नव्हते, हेही सांगता आलं असतं. वहिनींनी मगदूमांची किल्ली काढून घेतली आणि शनिवारपर्यंत घरी बसायला सांगितलं. मगदूम उठताना माझ्याकडं बघून म्हणाले, "साहेब, तुमी तरी सांगा की." मी म्हणालो, बघू, शनिवारी बघू.

गुरुवारी मी आबांच्या मागं गेलो. बापाच्या मागं चोरासारखं जायची वेळ आली याची लाज वाटत होती, पण पाय थांबत नव्हते. दुपारचे तीन वाजले असतील. आबा टोपी घालून निघाले, बाजारातून न जाता मैदानाच्या मागच्या अंगानं, पाण्याच्या टाकीला वळसा घालून गेले. एवढा वळसा माणूस कशासाठी घालतो? कुणी बघू नये म्हणून. टाकीच्या पलीकडं लाकडाची वखार होती, तिथं शिरले. वखार हंबीर इंगवल्यांची.

मी ओंडक्यांच्या थप्पीआड उभा राहिलो. आत बाजेवर दोघं म्हातारे शेजारी शेजारी बसले होते. इंगवले जमिनीवर काठीनं काहीतरी रेघा ओढत होते, आबा वाकून बघत होते, आणि मग आबा हसले. मोठ्यानं, डोकं मागं टाकून. मी त्यांना इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं. आमच्या घरात नाही, माझ्या लग्नातसुद्धा नाही. इंगवल्यांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

म्हणजे खरं होतं तर. सत्तावीस वर्षं गाव म्हणत होतं ते सगळं खरं होतं आणि अजून चालूच होतं. तेव्हा मॅच, आता नकाशा. पुढं होऊन विचारायला चार पावलं लागली असती. मी आलो तसा परत गेलो आणि त्या रात्री जेवताना आबांनी भाकरी वाढून घे म्हटलं तर नको म्हणालो, एवढीच काय ती माझी मर्दुमकी.

शुक्रवारभर मी एकच हिशेब मांडत होतो. आबांचं नाव निघालं तर गाव काय म्हणेल? बापानं मॅच विकली, पोरानं मैदान विकलं. हे वाक्य मी कुणी बोलायच्या आधीच ऐकत होतो. आणि मगदूमांचं नाव निघालं तर? मगदूमांची बदली होईल, नोकरी जायची नाही, वर्षभरात लोक विसरतील. काम माझ्याकडं राहील. मैदान होईल. मी असा हिशेब केला, आणि तो मला बरोबर वाटला हेही सांगून टाकतो.

शनिवारी दुपारी नगरपालिकेच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. गंमत म्हणजे इथंही उत्तरेच्या खुर्च्यांवर मोरबाव आणि दक्षिणेच्या खुर्च्यांवर चिंचपार. मधल्या रस्त्यावर कुणी पाय ठेवत नव्हतं. चिंचपार तालमीचे अध्यक्ष नाना बुचडे पहिल्या रांगेत मिशीला पीळ देत बसले होते. मगदूम पुढं एका बाजूला उभे. आदल्या तीन दिवसांत त्यांनी दाढी केली नसावी.

चौगुलेवहिनींनी पत्रक वाचून दाखवलं. मग म्हणाल्या, नकाशा फुटलाय हे उघड आहे, दोनच किल्ल्या आहेत, आर्किटेक्ट साहेबांनी सांगावं.

मी उभा राहिलो. मी खोटं बोललो नाही. माझा शब्द न शब्द खरा होता. मी म्हणालो, "गुंडाळी कुणीतरी सोडून पुन्हा बांधली होती, हे मी सोमवारी सकाळी बघितलं. माझी किल्ली घरी असते. दुसरी किल्ली मगदूमांकडं होती. त्यांच्या सासुरवाडीबद्दल मी काही बोलत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे."

चिंचपारकडून हो हो झालं. मोरबावची माणसं एकमेकांकडं बघू लागली. वहिनी म्हणाल्या, "मगदूम, शेवटचं विचारते. नकाशा कुणी नेला?"

"मी नेला."

आवाज मागून आला. सगळ्यांच्या माना वळल्या. शेवटच्या रांगेच्याही मागं, दाराशी, आबा उभे होते. सत्तावीस वर्षांत ते कुठल्या सभेला, कुठल्या सामन्याला, माझं लग्न सोडलं तर कुणाच्या लग्नालासुद्धा गेले नव्हते. ते आले आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. ते मधल्या मोकळ्या रस्त्यावरून चालत पुढं आले.

"किल्ली आमच्या घरात खिळ्याला असती," आबा म्हणाले. "ऐतवारी दुपारी पोरगं झोपलं हुतं, तवा घेतली. गुंडाळी नेली आणि तासाभरानं परत ठिवली. मगदुमाचा ह्यात काय संबंध न्हाई. त्येला सोडा."

वहिनींनी विचारलं, "कशाला नेला?"

"दावायला."

"कुणाला?"

"हंबीरला. हंबीर इंगवल्यास्नी."

पुढची पाच मिनिटं काय झालं ते सलग सांगता येणार नाही. नाना बुचडे खुर्चीवर चढले होते एवढं आठवतं. आणि मी शुक्रवारभर ऐकलेलं वाक्य त्यांनी शब्द न बदलता म्हटलं: बापानं मॅच विकली, पोरानं मैदान विकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबा तिथंच उभे होते, पायांत थोडं अंतर, हात बाजूला, जसे गोलात उभे राहायचे.

तेवढ्यात मोरबावच्या बाजूनं इंगवले उठले. गुडघ्यांनी बेजार झालेला माणूस, काठीवर सगळा भार. बोलू लागले तेव्हा त्यांच्याच तालमीची पोरं गप्प झाली, म्हणून चिंचपारलाही व्हावं लागलं.

"नकाशा मी बघितला," ते म्हणाले. "माझ्या पुतण्यानं दारातनं बघितला आणि जाऊन तालमीत बोंब मारली. चूक आमच्या घरची हाय. आता दुसरी गोष्ट. मला काय लई दिवस ऱ्हायल्यात आसं न्हाई, म्हणून बोलून घेतो. एकोणसत्तरची फायनल. बॉल बाराला लागला, फुफाटा उठला, कुणालाबी दिसंना. मी मारल्याला बॉल, पर मलाबी दिसंना. बळवंता बॉलवर पडल्याला. गोलाची फक्कीची रेघ पुसल्याली. मुजावर मास्तर रेफरी हुते, तेनी वाकून ह्येला इचारलं, 'बळवंत, गेला का?' मी हितं हुतो, दोन हातांवर. ह्यो म्हणला, 'गेला.'"

ते दम घ्यायला थांबले.

"न्हाई म्हणला असता तर कप तुमचा हुता, नाना. इचारलं म्हणून सांगितलं त्यानं. आणि तुमी त्येला घाण्यावरनं काढलासा. म्हणून मी काकाच्या पाया पडलो आणि गिरणीत लावला. लाज वाटली म्हणून. सत्तावीस वर्षं बोलू नको म्हणत हुता. म्हणायचा, मोरबावचा माणूस माझ्या बाजूनं बोलला तर लोकांस्नी पक्कं वाटंल."

मला वाटलं, आता कुणीतरी उठेल, आबांच्या जवळ येईल. माझे डोळे भरून आले होते, आणि त्यात लाज किती आणि अभिमान किती ते मला आजही वेगळं करता येत नाही.

मग चिंचपारच्या तिसऱ्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आता मोरबावचा कॅप्टनच दाखला द्यायला लागला म्हटल्यावर काय ऱ्हायलं?" आणि हसू फुटलं. आधी तिकडं, मग इकडंही. मुजावर मास्तर कधीच वारले होते. नाना म्हणाले, साटंलोटं आज सगळ्या गावानं कानांनी ऐकलं, बरं झालं. इंगवले बराच वेळ उभे राहिले आणि बसले.

कलम कलमाप्रमाणं लागू झालं. काम रद्द. वहिनींनी ते वाचताना माझ्याकडं बघितलं नाही. मगदूमांना किल्ली परत मिळाली. स्टेडियम पुढं चार वर्षांनी झालं, पुण्याच्याच दुसऱ्या कुणीतरी केलं. दोन बाजू, दोन दारं, दोन नळ. लोकांना फार आवडलं म्हणतात. जुन्या मैदानाची मात्र अजून आठवण काढतात.

त्या दिवशी सभा उठल्यावर मी आणि आबा चालत निघालो. या वेळी ते टाकीच्या वळशानं गेले नाहीत, सरळ बाजारातून चालले. दुकानदार बघत होते. मी म्हणालो, "आबा, तुम्ही गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं."

"वहिनी इचारत हुत्या की, कुणी नेला म्हणून."

"तुम्हाला नव्हत्या विचारत."

"न्हेला मी हुता. मग दुसऱ्याला इचारून काय उपेग?"

मी विचारलं, पण नेलात कशाला, तुम्हाला कलम ठाऊक होतं. गुळाच्या दुकानापाशी गर्दी होती, ती आबांनी ओलांडली आणि मग म्हणाले, "पोरानं एवढं मोठं मैदान काढलंय. बापानं कुणाला तरी दावावंच की. आपल्या पेठंत कुणाला दावू? माझ्यासंगं बोलतंय कोण? एक हंबीरच हाय, त्येला दावला. त्यो म्हणला, बळवंता, उत्तरदक्षिण केलंय बघ पोरानं, आता कुणा गोलकीपरच्या डोळ्यांत ऊन जायचं न्हाई. मला लई बरं वाटलं. गुरुवारी पुना गेलो तर त्यो मातीवर काठीनं तेच मैदान काढून मला दावतुय."

मी खाली बघून चालत होतो. ओंडक्यांच्या थप्पीआड उभं राहून मी काय बघितलं होतं ते आता मला कळलं, आणि चार पावलं पुढं टाकली असती तर तिथंच कळलं असतं.

चौकात आबा थांबले. घरचा रस्ता डावीकडं, मगदूमांची गल्ली उजवीकडं. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, पुन्हा घातली.

"धैर्या, एक इचारतो. मगदुमाचं नाव घेतलंस तवा तुला ठावं हुतं का रं, मीच नेलाय म्हणून?"

एक शब्द पुरला असता. होतं. साधा शब्द, आणि समोर असा शब्द सांगून टाकायची सवय असलेला एकमेव माणूस. बाजारात सायकली चालल्या होत्या, कुणी हसत होतं, आणि आबा शांतपणे वाट बघत होते.

"नाही आबा," मी म्हणालो. "मला कसं ठाऊक असणार?"

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "तेच म्हणलं," ते म्हणाले. "सभंत तू बोललास, आणि माझ्या मनात उगंच काय काय आलं. वाईट असतं असं मनात आणणं. चल, मगदुमाच्या घरला जाऊन येऊ. त्येची माफी मागितली पायजे."

आम्ही गेलो. मगदूमांच्या बायकोनं चहा केला. मगदूम समोर बसले होते, खाली मान घालून. आबांनी त्यांचा हात हातात घेतला आणि झाल्या गोष्टीबद्दल माफी मागितली. मग माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "ह्येच्यावर राग धरू नका. ह्येला कायबी ठावं न्हवतं. मी इचारलं ह्येला."

मगदूमांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी चहा पीत राहिलो.